रॅमवरची चिकटपट्टी

प्रियदर्शनी लॅपटॉप छातीशी धरून साताऱ्यातल्या माझ्या दुकानात शिरली आणि तिच्या छत्रीचं पाणी थेट माझ्या टेबलावर ठिबकलं.

"दादा, ह्यात घर फिरत न्हाई."

ती मेढ्याची. घरांचे थ्रीडी नकाशे काढायची. स्क्रीनवरचं घर फिरवायला गेलं की अडकायचं. उद्या सकाळी ते सांगलीत दाखवायचं होतं... तिचं पहिलंच मोठं काम.

मी पंख्यातली धूळ काढली, ग्राफिक्सचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं. थोडाच फरक पडला.

"ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रासाठीही रॅमच वापरली जाते, आणि ती एकच आहे. दुसरी लागेल."

"मग घाला की!"

तशी रॅम पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. हे ऐकून तिचे डोळे भरले. "चहा सांगतो," म्हणून मी आत गेलो, माझ्या लॅपटॉपमधली एक काढली. अदलाबदल नको म्हणून काढलेल्या प्रत्येक वस्तूवर मी मालकाच्या नावाची चिकटपट्टी लावतो. हातानं सवयीनं तेही केलं.

घर गर्रकन फिरलं. ती इतकी हसली, की मी बघतच राहिलो.

"कुठली घातलीत?"

"होती पडून."

चार दिवसांनी ती पेढे आणि लॅपटॉप घेऊन आली. काम मिळालं होतं.

"आत काय घातलंत बघावं म्हणून झाकण उघडलं. माझ्या मशीनमध्ये हा प्रबुद्ध कोण?"

समोर माझा लॅपटॉप एक बिल उघडायला रखडत होता. तिनं ते पाहिलं.

"आवं, स्वतःची काढून दिलीत व्हय?"

"तुमचं घर फिरावं म्हणून—"

"तेवढ्यासाठीच?"

"...नाही."

"मग परत देऊ?"

"नको. राहू दे तिथंच."

तिनं आपल्या लॅपटॉपचं झाकण उघडलं, माझा मार्कर उचलला, चिकटपट्टीचा नवा तुकडा फाडला आणि माझ्या रॅमशेजारच्या तिच्या रॅमवर स्वतःचं नाव लिहून चिकटवलं.

"लय कामाची सवय हाय तुमची," ती खाली बघत म्हणाली. "आणि आता मी दादा म्हणायची न्हाई."

आमच्या लग्नानंतर सहा वर्षं ती त्याच लॅपटॉपवर काम करत होती. मागच्या वर्षी आजारपणात गेली.

परवा मी त्या लॅपटॉपचा पंखा साफ केला. शाई फिकी झाली आहे, पण दोन्ही नावं वाचता येतात. झाकण लावलं. मेढ्यात आमच्यासाठी बांधायचं म्हणून तिनं काढलेलं घर उघडलं.

एकदाही न अडकता फिरलं.