चुन्याखालचा शरभ

माघ वद्य पंचमीला, दिवस उगवायला दोन घटका असताना, करंबदुर्गाच्या धक्क्यावर 'रुद्रबाण' या लढाऊ गुराबेच्या नाळेवरील, म्हणजे पुढच्या टोकावरील, शरभाला चुना फासायला सुरुवात झाली.

हुकूम मुजुमदार हरबाजी नारायण यांचा होता. टोपीकरांच्या वेढ्याचा तो एकतिसावा दिवस. किल्लेदार आठवडाभर तापात बेशुद्ध होते, टाक्यांत गाळ उरला होता, दारूकोठारात तीन दिवस पुरेल इतकीच दारू होती. कारभार मुजुमदारांच्या हाती आला होता. गडावरची बायकामुले तीन गलबतांतून दक्षिणेकडे काढायची, पुढे गुराबेने चालायचे, तिची नाळ पांढरी दिसली की टोपीकर वाट देतील, असा करार झाल्याचे त्यांनी सांगितले होते.

गुराबेचा प्रमुख, सरतांडेल सटवाजी कुबल हे पाहत उभा होता. त्याची बायको रखमा आणि दोन मुली गलबतात चढल्या होत्या. कोणत्या गलबतात, ते गर्दीत त्याला दिसले नव्हते.

शरभ सागाच्या एकाच फळीत कोरलेला होता, पुरुषभर उंच; सिंहाचे अंग आणि चारी पंजांखाली चार हत्ती. हे चार म्हणजे दर्यावरचे चार वैरी, असे गडावर म्हणत. चौथ्याच्या जागी लाकडाला गाठ आली, म्हणून सुतार मेस्ताने त्याची सोंड वर उचललेली कोरली होती, आणि हा अजून दबलेला नाही, अशी थट्टा बावीस वर्षे चालली होती. चिन्हाबरोबर एक रिवाजही आला होता. झाकल्या शरभाने तोफ डागायची नाही. तोंड झाकून वार करतो तो चोर. गुराबेवर पहिल्यांदा चढणारा प्रत्येकजण नाळेवर हात ठेवून ही शपथ घेई.

"मेस्त, चुना एवढा पातळ का?" सटवाजीने विचारले.

"हुकूमच तसा, नाखवा," बाबणा मेस्त म्हणाला. "कारकून दोनदा बजावून गेला. डांबर नको, तासणी तर लावूच नको. पाण्याने धुतला की शरभ होता तसा निघाला पाहिजे."

"कोणासाठी?"

"मीही तेच विचारले. म्हणाला, ज्याचा असेल त्याच्यासाठी."

गोलंदाज हसन दालदी शेजारी येऊन उभा होता. तो हलकेच हसला. "विकले गेलो, दादा. गिऱ्हाइकाला माल कोरा हवा. चौथा हत्ती कोण, ते आज कळले."

तेवढ्यात मुजुमदार धक्क्यावर आले.

"सटवाजी, तोफांतली दारू उतरवलीत?"

"उतरवली, सरकार," सटवाजी मुजरा करून म्हणाला. धक्क्यावर तो प्रथमच खोटे बोलला. "आणि गलबते सुखरूप जातील ना?"

"माझा शब्द आहे."

"आपली मंडळी कोणत्या गलबतात आहेत?"

मुजुमदारांनी उपरण्याची घडी सारखी केली. "माझी मंडळी गडावरच राहतील," ते म्हणाले.

मुजुमदार वळताच सटवाजी गलबतांकडे गेला. गलबतांच्या तांडेलांना त्याने जवळ बोलावून सांगितले, की खाडीच्या तोंडाशी खडकाआड थांबा. पहिली तोफ ऐकू आली की दक्षिणेच्या उथळ वाटेने निघा, तिथे मोठे जहाज येऊ शकत नाही. मागे वळून पाहू नका.

ओहोटी लागली होती, जमिनीवरचा मतलई वारा सुटला होता, आणि खाडीचे तोंड अडवून नांगरलेल्या टोपीकरांच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाकडे, करारात ठरल्याप्रमाणे त्याच्या मागच्या अंगाला, रुद्रबाण पांढऱ्या नाळेने, एकही गोळी न खाता, शंभर माणसे घेऊन निघाली. जहाजावरचे लोक कठड्याशी जमले होते. एकाने टोपी हलवली.

पन्नास हातांवर त्या जहाजाचे सुकाणू उघडे समोर होते; ते तुटले की जहाजाला वळून पाठलाग करता येणार नव्हता. हसनने पेटती जामगी तोफेच्या कानाशी नेली.

"दादा, आता!"

"थांब. मेस्त, चुना काढ."

"वेड लागलं काय? दोन फैरी फुकट मिळतायत! बायकापोरं आहेत मागे!"

"माझीही आहेत," सटवाजी म्हणाला. "पण नाळेवर हात ठेवला होता, हसन. तूही ठेवला होतास."

"माझा हात जळो!" हसन ओरडला, पण जामगी त्याने मागे घेतली.

बाबणा मेस्त दोराला लोंबकळून नाळेवर उतरला. वरून बादल्या ओतल्या गेल्या. चुना ओघळला, शरभाचे डोके दिसले, मग पंजे, मग हत्ती. जहाजावर आरडाओरडा झाला आणि त्याच्या मागच्या अंगाच्या तोफांच्या झडपा उघडल्या. तिथल्या चार तोफा एकदम उडाल्या. मेस्त दोरासकट गेला. गुराबेची डोलकाठी वल्हेकऱ्यांवर पडली.

"डाग!" सटवाजी म्हणाला.

हसनच्या दोन तोफांनी सुकाणू बिजागरीपासून तोडले. दुसरी फैर भरायला सवड मिळाली नाही. गुराबेला आग लागली आणि अर्ध्या घटकेत ती पाण्याच्या रेषेपर्यंत जळाली. सटवाजीला शेवटचे पाहिले ते नाळेपाशी, जळते शीड कापताना.

पोहून निघालेल्या बाराजणांत हसन होता. आधी डागले असते तर काय झाले असते, असे त्याला पुढे अनेकांनी विचारले. "दुसरी फैर मिळाली असती," एवढेच तो सांगे.

दुपारी गडाचा दरवाजा आतून उघडला. किल्लेदार दुसऱ्या दिवशी शुद्धीवर न येताच वारले. मुजुमदार हरबाजी नारायण यांचा हुद्दा नव्या अमलातही कायम राहिला.

पहिल्या तोफेला तिन्ही गलबते खडकाआडून निघाली होती. दोन गलबते षष्ठीला दक्षिणेच्या बंदरात लागली. त्यांत रखमा नव्हती, मुलीही नव्हत्या. तिसरे गलबत सप्तमीच्या पहाटे मासेमारीच्या एका होडीने दुरून पाहिले. शीड फाटलेले होते, वर माणसे हलत होती, आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता.