अर्धी गोळी

ए रेणू, मधे बोलू नकोस हं, आधी ऐक. काल आईबरोबर मेडिकलच्या रांगेत होतो, तर आमचा ओजस धाडकन पडला! आकडी आली गं त्याला. हातपाय ताठ, तोंडाला फेस, डोळे पांढरे. मला वाटलं, गेला माझा भाऊ. मागचे एक आजोबा चप्पल काढून ओरडायला लागले, "हुंगवा, हुंगवा!"

"चप्पल पायात घाला, आजोबा," गोळीकाका म्हणाला. गोळीकाका म्हणजे तिथला रोबो. पोटातल्या भुकटीची गोळी तिथल्या तिथे दाबून देतो. "पोराला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका."

ओजस शुद्धीवर आला, पण मला ओळखेचना! काकाने आईला विचारलं, "ताई, त्याची आकडीची गोळी चुकली का?"

आई रडायलाच लागली. "चुकली नाही हो. भाव परत वाढला, म्हणून सुरीने अर्धी करून देते."

"अहो, तिच्यावर थर असतो, दिवसभर थोडंथोडं औषध सोडणारा. कापली की सगळं एकदम सुटतं. संध्याकाळी अंगात काहीच उरत नाही!"

मी भडकले. "बनवायला किती लागतात रे?"

"कपभर चहाएवढे."

"आणि विकतोस सोन्याच्या भावात?"

"भाव मी नाही ठरवत. औषध शोधायला कितीतरी वर्षं जातात, बरीचशी फसतात. तो खर्च निघावा म्हणून कंपनीला पेटंट मिळतं (ठरावीक वर्षं ते औषध दुसऱ्या कुणी बनवायचं नाही)."

"खर्च निघाल्यावर?"

"तरी भाव वाढवता येतो. आंबा महागला तर तू खात नाहीस. ओजसला थांबता येईल?"

ओजसचा हात गार होता, माझ्या हातात.

"पण पेटंट संपतं," काका म्हणाला. "मग दहा जण बनवतात, भाव उतरतो. लोकांचे फारच हाल होत असतील, तर सरकार त्याआधीही दुसऱ्यांना परवानगी देऊ शकतं. मागावी लागते."

"मागू की आम्ही सगळे! पण आज रात्री काय?"

आईच्या कार्डावर अख्ख्या गोळीचे पैसे नव्हते. काकाने गोळी दाबली. झडपेआडच्या ताटलीत पडली, टक्क. पैसे भरल्याशिवाय झडप उघडत नाही ना त्याची? उघडली! आणि तो पाठ फिरवून काचा पुसायला लागला.

आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे. रांगेतले सगळे भलतीकडेच बघायला लागले. चप्पलवाले आजोबासुद्धा छताकडे बघत होते.

रेणू, खरं सांग, तू काय केलं असतंस?