अठरावी चूक

टॉकीजच्या अंधारात राघवेंद्र कुणाच्या तरी लोखंडी पेटीला अडखळला आणि थेट रिकाम्या खुर्चीत जाऊन पडला.

"सावकाश, सर! माझा सगळा संसार हाय त्यात."

आवाज ओळखीचा होता. उज्वला! त्याच्या शिकवणीसमोरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारी. तिचं शिकवणं रोज त्याच्या कानावर पडायचं. वर्षभर दोघांनी जिन्यात एकमेकांना वाट करून दिली होती, त्यापलीकडे एक शब्द नाही. अर्ध्या लातूरच्या पोरांना भौतिकशास्त्र घोटून पाजणाऱ्या राघवेंद्रची जीभ तिच्यासमोर मात्र टाळूला चिकटायची.

"पेटी...?" त्यानं कसंबसं विचारलं.

"इस्लापूरला नोकरी लागली. झेडपीची शाळा. साडेसहाच्या नांदेड गाडीनं चालले. म्हटलं, तोवर पिक्चर बघावा."

साडेसहा! म्हणजे वर्षभर जे बोललो नाही, ते बोलायला उरले साडेतीन तास.

पडद्यावर 'पाताळयान, भाग दुसरा' सुरू झाला. चंद्रावर वारा सुटला, नायिकेचा पदर उडाला. घाबरलेला राघवेंद्र जे येत होतं तेच करू लागला. कागद काढून चुका मांडू लागला. अवकाशात स्फोटाचा आवाज... लाव्हारसातून धावणारी मोटारसायकल... मध्यंतरापर्यंत सतरा झाल्या.

दिवे लागले तशी उज्वला कागदावर वाकली. "काय लिहायलात? अगं बाई, इथंबी पेपर तपासणं! पण अठरावी राहिली की, सर."

"कोणती?"

"शेजारी कोण बसलंय, ते एकदाबी न बघणं," म्हणाली आणि शेंगदाणे आणायला निघून गेली.

राघवेंद्रचे कान तापले.

उत्तरार्धात पृथ्वीच्या पोटात खडक दुभंगला, धूर निघाला, आणि पहिल्या भागात मेलेला कप्तान हसत बाहेर आला. सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. टॉकीज शिट्ट्यांनी दणाणलं.

"हा तर मेला होता!" राघवेंद्र पुटपुटला. "परत कसा आला? काही कारणच..." बोलता बोलता त्यानं शेजारी पाहिलं. उज्वला उभी राहून टाळ्या वाजवत होती. हसत होती, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पहिला भाग दादानं दाखवला होता," खाली बसत ती म्हणाली. "हितंच. कप्तान मेला म्हणून मी लई रडले. तर म्हणला, दुसऱ्या भागात येतोय बघ, लाव पैज. गोळी सोड्याची... त्याच साली गणपती बुडवले, अन् पहाटे आमचं किल्लारी..."

वाक्य तिथंच राहिलं. लातुरात ते कुणाला पुरं करून सांगावं लागत नाही.

"दादा न्हाई आला. पण कप्तान आला. कसा आला, ते कशाला विचारायचं, सर?"

राघवेंद्रनं रुमालासाठी खिसे चाचपले. रुमाल नव्हता. त्यानं चुकांचा कागदच पुढं केला. तिनं त्या कागदानंच डोळे पुसले, आणि पुढचा सगळा पिक्चर दोघांनी शेंगदाणे खात, शिट्ट्या ऐकत, खुळ्यासारखं हसत पाहिला.

स्टँडवर त्यानं पेटी गाडीत चढवून दिली. खिडकीतल्या उज्वलाच्या गालावर निळी शाई उमटली होती.

"गालाला... शाई लागलीय."

"असू द्या. नांदेडपर्यंत सोबत होईल."

गाडी घरघरली. राघवेंद्रनं खिडकीची दांडी धरली. "मी इस्लापूरला येईन!"

"कशाला?"

"तुम्हाला भेटायला."

"कारण?" तिचे डोळे हसत होते.

कारण लिहिल्याशिवाय पोरांना अर्धा गुणही न देणाऱ्या राघवेंद्रनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"कप्तानानं कुठं दिलं?"

उज्वला खळखळून हसली. गाडी हलली, धूळ उडाली. दांडी सुटली तरी तो चार पावलं सोबत धावला. धुळीतून तिचा आवाज आला,

"या मग! गोळी सोडा मी पाजीन... पैज हरलेय ना मी!"