म्हाळूचं आवतण

हसू नगा. सतीश आजबी दौंडात ऱ्हातो, जाऊन इचारा त्याला.

चौदा नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव, शनिवार. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीचं, भाग्यश्रीचं लगीन व्हतं, जुन्या क्लबात. गोऱ्या रेल्वेसाहेबांनी शंभर वर्सांमागं नाचगाण्यासाठी बांधलेला हॉल, आता भाड्यानं मिळायचा. सतीशचा पणजा म्हाळू तिथला पंखेवाला. साहेब-मडमा आत नाचायच्या आन् ह्यो व्हरांड्यात बसून, भिंतीच्या भोकातनं आलेली दोरी ओढायचा. आतला कापडी पंखा हलायचा. पर आत जायची त्याला बंदी. एका राती दोरी ओढता ओढताच गेला बिचारा.

"माझा आजा दाराबाहेर मेला, माझ्या लेकीचं लगीन आत लागंल," सतीशच्या बापानं हट्टच धरला. पर नवऱ्याकडचं, वडगाव रासाईचं पाव्हणं कुरकुरत व्हतं. हॉल झपाटलेला हाय म्हणं. जरा काय कळलं असतं, तर वऱ्हाड माघारी फिरलं असतं.

भूतबित मानायचं न्हाई, ही सतीशच्या घरची शिकवण. म्हणला, "रातभर मीच झोपतो तिथं. सकाळी सांगतो, काय बी न्हाई."

गडी संध्याकाळी गेला. फरशी झाडली, धुतली, खुर्च्या मांडल्या. दाराला आतनं कडी घातली आन् सतरंजीवर आडवा झाला.

दीड वाजता जाग आली. तोंडावर वारं येत व्हतं. खिडक्या बंद.

कर्र... कर्र...

पंखा तर कवाच मोडून नेलेला. भोक सिमेंटनं बुजवलेलं. तरी व्हरांड्यात कुणीतरी दोरी ओढत व्हतं. दमून. थांबून. पुन्यांदा.

कर्र...

पळावं, तर लगीन मोडतंय. ऱ्हावं, तर जीव जातोय. रडूच फुटलं त्याला.

कर्र...

तवा ध्यानात आलं. समद्या भावकीला घरोघर जाऊन आवतण दिलं. राहू गावापासनं सणसवाडीपातूर. आन् म्हाळूला?...

दाराकडं तोंड करून हात जोडलं.

"आबा... उद्या आपल्या भाग्याचं लगीन हाय... आत या."

...

वारं थांबलं. दोरी थांबली.

उजाडल्यावर आई, ललिताबाई, हाका मारत आली. सतीश तवर सतरंजीवरनं हललाच नव्हता. कडी तशीच. ती काढायला उठला, आन् फरशीवर बघून जागीच खिळला.

वऱ्हाड आलं. लगीन झ्याक लागलं. पर दिवसभर ललिताबाई दारात उभी ऱ्हाऊन सांगत व्हती, "जरा कडंनं जावा."

दारापासनं मधोमध मातीची पावलं व्हती. अनवाणी, म्हाताऱ्या माणसाची. समदी आत आलेली.

भाईर गेलेलं एक बी न्हाई.