न विचारता टेकलेली जागा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण बानाबाई माझी सख्खी थोरली बहीण आहे आणि हे तिच्याच घरात घडलंय. संभाजीनगरच्या छावणीत, याच मार्गशीर्षात, भर दुपारी.

दाजी सूर्यभान. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारं घर. दाजी मात्र बिडकीनजवळच्या कंपनीत सुपरवायझर. ताणानं बीपी असं चढलं की डॉक्टरांनी दमच भरला, "डोकं शांत ठेवा, नाहीतर झटका येईल."

सोबत एक कागद दिला. रोज पडून डोळे मिटायचे. कुणीतरी कागद वाचायचा. आपण मनानं आवडीच्या जागी जायचं आणि वाचणाऱ्यानं 'परत या' म्हटलं की डोळे उघडायचे.

दाजींनी जागा निवडली कन्नडच्या घाटाखालची. ओढ्याकाठी करंजाचं झाड. बापाचा मेंढ्यांचा तळ तिथंच पडायचा.

त्यांच्या घरात एक रीत आहे. माळावर घोंगडी टाकण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "टेकू का?" थोडं थांबायचं. मगच बसायचं.

दाजींनी विचारलं नाही. मनातल्या जागेला कसली परवानगी? शहाणपण उतू चाललेलं!

दोन दिवस झकास गेले. बीपी उतरलं. ताई खूश.

तिसऱ्या दिवशी ताई वाचत होती, "पाण्याचा आवाज ऐका..."

"पाणी थांबलं," दाजी मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

ताई हसली. पुढं वाचलं, "इथं तुम्ही एकटे आहात..."

"नाय. झाडामागं कुणीतरी हाय."

मग दाजींच्याच तोंडून... जाड, रागीट आवाज आला.

"कुणाला इचारून टेकला रं?"

ताईनं घाईघाईनं 'परत या' ही शेवटची ओळ वाचली. दाजी उठले ते घामानं निथळत.

कागद बंद झाला. पण डोळा लागला की तेच झाड, तोच आवाज. आठवडाभर झोप नाही. बीपी दोनशेवर.

माझी बहीण धीट. "तुमी नका जाऊ. मीच जाते, त्याच्या पाया पडते," म्हणाली. लग्नानंतर तीही त्या तळावर राहिलेली. दाजी कामावर असताना ती आडवी पडली, पाठ झालेला कागद पुटपुटत.

परत बोलवायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी दाजी आले. ताई तशीच... डोळे मिटलेले.

दाजींनी शेवटची ओळ वाचली. शंभरदा वाचली.

"उठू देईना वो," ती एवढंच म्हणाली.

आज अकरा दिवस झाले. डॉक्टरांना काही सापडत नाही. दाजींना मात्र आता गाढ झोप लागते आणि त्याचीच त्यांना शरम वाटते.

काल ती पुन्हा बोलली. "त्यो म्हणतो, नवऱ्याला धाड. मंग तुला सोडतो."

दाजी तयार आहेत. रविवारी दुपारी पडणार. कागद मी वाचायचा.

"तुमची ताई उठली की लगेच मला परत बोलवा," म्हणतात.

पण दाजींना बोलावलं आणि त्यानं ताईला पुन्हा धरलं तर?

मी हो म्हणालोय. पण खरं सांगू... ताईनं डोळे उघडले, तर ती शेवटची ओळ मी वाचीन, याचा मलाच भरवसा नाही.