कडी कुणी काढली

त्या शुक्रवारी जेवणं उरकून, नागम्माला हाक मारून प्रमोदिनीबाई पाचव्यांदा तोच सिनेमा बघायला निघाल्या, त्या काही हौसेनं नव्हे. वैतागून निघाल्या.

दोष तेव्हा चाललेल्या महायुद्धाचा होता. त्या साली लातुरात रिळांचे डबे वेळेवर येईनासे झाले. छोट्या रुळांच्या गाडीनं कधी यायचे, कधी नुसताच निरोप यायचा. मग गंज बाजाराजवळच्या टॉकीजवाल्यानं हातात होता तो एकच खुनाचा सिनेमा पाच आठवडे लावून ठेवला. गावानं त्याचं खरं नाव टाकून दिलं आणि 'कडीचा सिनेमा' असं नवं ठेवलं. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी दुपारी जनान्याचा, फक्त बायकांचा, खेळ असे. लातुरातल्या झाडून साऱ्या बायका तो बघून आल्या होत्या आणि आडावर, दळणाच्या रांगेत, हळदीकुंकवाला भांडत होत्या, ते एकाच गोष्टीवरून.

गोष्ट अशी. एक श्रीमंत माणूस, त्याची पहिली बायको नाहीशी झालेली. दुसरी घरात येते, शिकलेली, हुशार. तिला एक एक करून सगळं कळतं. नवरा परगावी गेला असताना ती पुरावा शोधून काढते, फौजदाराला चिठ्ठी पाठवते. सकाळी पोलीस येणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आतून कडी लावून ती रात्र काढत बसते. आणि पहाटे दारावर थाप पडते. नवरा आहे, हे तिला कळतं. ती उठते, जाते, आणि कडी काढते.

पुढं अंधार, किंकाळी, आणि सकाळ.

"का पण?" प्रमोदिनीबाई वाटेनं पुन्हा म्हणाल्या. मुलींच्या मदरशाच्या, म्हणजे शाळेच्या, त्या मोठ्या बाई. पंधरा वर्षं गणित शिकवत होत्या आणि उत्तर न येणारं उदाहरण त्यांना सहन होत नसे. "पुरावा हातात आहे, पोलीस वाटेत आहेत, दार मजबूत आहे. कशाला उघडते ती? त्या लिहिणाऱ्याला काही अक्कल?"

"नवरा हाय न्हवं त्यो," शेजारची नागम्मा म्हणाली. तिच्या नवऱ्याचं, गुरुपादप्पाचं, किराण्याचं दुकान होतं आणि दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. "नवऱ्यानं हाक मारल्यावर बाईमाणूस उघडतंयच की."

"खुनी नवऱ्याला?"

"अय्यो बाई, सिनेमा हाय त्यो. मी तर रडायला जाते. रडले की लई हलकं वाटतंय."

बाईंनी छत्री उघडली आणि पाय उचलला.

टॉकीज म्हणजे पूर्वीचं सरकीचं गोदाम. भिंतींना अजून सरकीचा खवट वास होता. वरचे पत्रे उन्हानं तापून कडकड वाजत. बाहेर डोळे दिपवणारी दुपार आणि आत, दार लागलं की, मिट्ट काळोख. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाची बारीक सळई खाली उतरायची. बाकी सगळा अंधार आणि घामाची, गजऱ्यांची, तापल्या यंत्राची दमट हवा.

बाई नेहमीच्या बाकावर बसल्या आणि त्यांचा जीव आधीच वैतागला. कारण ती आली होती.

पुढच्या बाकाच्या टोकाला, भिंतीकडच्या बंद दाराशी ती बसायची. डोक्यावरून ओढलेला पदर, पाठ वाकलेली. तोंड कधी दिसलं नव्हतं. तिसऱ्या खेळापासून बाई तिला बघत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. सिनेमा रंगात आला की ही बया पुटपुटायला लागायची. मोठ्यानं नाही. पण नेमकं कानात शिरेल असं.

तिसऱ्या खेपेला पडद्यावर थाप पडली तेव्हा ती म्हणाली होती, "थाप न्हाई मारत त्यो. नखानं खरवडतो. मांजरावाणी."

चौथ्या खेपेला पडद्यावरची बाई उठून दाराकडं निघाली, तेव्हा प्रमोदिनीबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मूर्ख!" आणि पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मूर्ख न्हाई, बाई."

आज बाईंनी ठरवलं होतं, हिला गप्प बसवायचं. नाहीतर सरळ विचारायचं, तुला एवढं ठाऊक आहे तर सांग एकदाचं.

खेळ सुरू झाला. पहिली बायको, दुसरी बायको, कपाटातला दागिना, चिठ्ठी. नागम्मानं पदर डोळ्यांना लावून तयारी केली. पडद्यावर रात्र झाली. ती बाई कडी लावून कंदिलाशी बसली.

"आत्ता येतोय," पुढून आवाज आला.

थाप पडली.

"अहो," प्रमोदिनीबाई पुढं वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "जरा गप्प बसता का? नाहीतर सांगा तरी, का उघडते ती."

पाठ हलली नाही. पत्रा कडकडला. सरकीच्या वासात कसलासा ओल्या मातीचा वास मिसळला.

"त्यानं म्हणलं… लेकरू बाहेर राहिलंय."

"कुणाचं लेकरू? ह्या सिनेमात लेकरूच नाही."

"म्हणलं, लेकरू बाहेर राहिलंय, रडून राहिलंय, उघड की गं… मग काय करील ती? सांगा. तुमी काय केलं असतंत?"

बाई आणखी पुढं वाकल्या.

"लेकरू आतच होतं. पाळण्यात. झोपलेलं." आवाज आता फार हळू झाला होता. "हात घालून बघायचं सुचलं न्हाई, बाई. दोन पावलावर पाळणा होता… तेवढं सुचलं न्हाई. म्हणून मूर्ख म्हणायचं का?"

पडद्यावर किंकाळी उठली. जनान्यातल्या बायका ठरल्याप्रमाणं हुंदके देऊ लागल्या. दिवे लागले तेव्हा पुढच्या बाकाच्या टोकाशी दुसऱ्याच दोघी बायका आपापली लुगडी सावरत होत्या.

"कुठं गेली ती?" बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"कोण?"

"ती बडबडी. सबंध सिनेमाचा विचका केला तिनं."

नागम्मा थांबली. तिचाही चेहरा आता वैतागलेला होता. "बाई, रागावू नका. तुमीच बोलून राहिल्या की मगाधरनं. तीन खेळ झाले. आजूबाजूच्या बाया वळून वळून बघून राहिल्यात, मला लाज वाटायली. आन् बोलता बी कशा, न्हाई, हाय, राहिलंय… आमच्यावाणी."

"मी?"

"हाव, तुमी. विचारता बी तुमीच आन् सांगता बी तुमीच."

"काहीतरीच बोलू नकोस!" बाई ओरडल्या. पण ओरडायला आवाज निघाला नाही. सुट्टीचा दिवस, सकाळपासून त्या कुणाशी फारसं बोललेल्या नव्हत्या. तरी दिवसभर वर्गावर उभं राहिल्यासारखा त्यांचा घसा पार बसला होता.

त्या आठवड्यात बाईंनी सिनेमाचं नाव काढलं नाही. चिडचिड मात्र आवरत नव्हती. नवरा रेणुकादास तहसिलातल्या कामासाठी नांदेडला गेलेला, तेव्हा ती सगळी मदरशातल्या मुलींच्या पाट्यांवर निघाली.

बुधवारी नागम्माकडं पाहुणे होते. तिची धाकटी बहीण दानम्मा सतरा वर्षांची. तिला मुरुडच्या बसवंतनं मागणी घातली होती. घरचं अडत दुकान, शेती, माणूस दिसायला उमदा. दीड वर्षापूर्वी पहिली बायको पटकीनं गेली, पाठीमागं आता दोन वर्षांचं झालेलं लेकरू. त्या दिवशी सुपारी फुटायची होती. सोप्यात गुरुपादप्पा, बसवंत आणि बसवंतची आई गंगम्मा बसले होते. गंगम्मानं आल्या आल्या झोपलेलं लेकरू आतल्या खोलीत खाटेवर आणून ठेवलं होतं. नागम्मा परसात चुलीपाशी. आतल्या खोलीत कडी लावून प्रमोदिनीबाई दानम्माला लुगडं नेसवत होत्या. मुलगी साधी, हसरी. त्या लेकराच्या अंगावरून मघापासून तिनं दहा वेळा माशा हाकलल्या होत्या.

"लई सोशिक बाई होती म्हणतात ह्याची आई," दानम्मा म्हणाली. "मी लई जपीन ह्याला."

तेवढ्यात दारावर आवाज झाला.

थाप नव्हती ती. कुणीतरी फळीवर नख ओढत होतं. वरून खाली, हळूच. थांबून पुन्हा.

बाईंच्या हातातल्या निऱ्या सुटल्या.

"कोण हाय?" दानम्मानं विचारलं.

"मी… बसवंत." आवाज गोड होता, अगदी दाराला लागून आलेला. "लेकरू बाहेर राहिलंय. उन्हात रडून राहिलंय. उघडा की जरा."

"अगं आई गं!" म्हणत दानम्मा तशीच अर्धवट लुगड्यात धावली. तिचा हात कडीवर पडलासुद्धा.

बाईंनी तिचं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की चार बांगड्या फुटल्या.

"आधी मागं बघ," त्या कुजबुजल्या. "खाटेवर हात ठेवून बघ, दानम्मा…"

खाटेवर लेकरू अंगठा तोंडात घालून गाढ झोपलेलं होतं. दानम्मानं त्याच्या पोटावर हात ठेवला. मग दाराकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

बाहेर नख पुन्हा फळीवरून उतरलं. मग हसण्याचा आवाज. "गंमत केली हो. पोरगी बघावी म्हणलं."

पंधरा वर्षांत कुठल्या मुलीवर आला नव्हता इतका राग बाईंना आला. त्यांनी कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागं दार ओढून घेतलं. बसवंत समोर उभा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर धुवट सदरा, चेहऱ्यावर लाजरं हसू. चार पावलांवर सोप्यात गुरुपादप्पा पानाला चुना लावत होते.

"बसवंतराव, तुमची पहिली बायको कशानं गेली?"

"पटकीनं. सगळ्या मुरुडाला ठाव हाय."

"मग तिनं कडी का काढली?"

हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस मागं सरकल्यासारखा दिसला. त्याची नजर बाईंच्या तोंडावरून हलेना. जणू बोलणारं तोंड आणि ऐकू आलेला आवाज यांचा त्याला मेळ लागत नव्हता.

"कडीचं…" तो म्हणाला, "कडीचं तुमाला कुणी सांगितलं? तवा तिथं आमी दोघंच होतो."

सोप्यात गंगम्मानं डोळे मिटून घेतले. गुरुपादप्पांनी चुना लावलेलं पान तबकात ठेवलं, तबक बाजूला सारलं आणि ते उठले. ते सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"बसवंतराव," ते म्हणाले, "चप्पल घाला."

लग्न मोडलं. पुढं काही झालं नाही. तिला माती देऊन दीड वर्ष झालं होतं, पंचांनी पटकी लिहून दिली होती, आणि सिनेमा बघून आलेल्या बाईंच्या सांगण्यावरून कुठला फौजदार मुरुडपर्यंत जाणार? नागम्मानं मात्र बाईंचे पाय धरले. कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही.

शुक्रवारी त्या एकट्याच टॉकीजवर गेल्या. एका अनोळखी बाईला आपण पाच खेळ मूर्ख म्हणत आलो होतो, आणि तिची माफी मागायची होती. पण डबे बदलले होते. दारावर देवादिकांच्या सिनेमाचा कागद चिकटवलेला होता. आत गर्दी होती, भजनं होती. पुढच्या बाकाच्या टोकाला तीन पोरीबाळी दाटीवाटीनं बसल्या होत्या. बाई अर्ध्यातून उठून घरी आल्या.

महिन्याभरानं, दुपारच्या सुट्टीत, मदरशाच्या पायरीशी एक म्हातारी येऊन बसली. गंगम्मा होती. ती एवढ्यात निम्मी झाली होती.

"बाई, त्या दिवशी तुमच्या तोंडातून कोण बोललं, एवढंच सांगा."

"तुम्हाला ठाऊक आहे कोण," बाई म्हणाल्या. "तुम्ही का गप्प राहिलात तेव्हा?"

म्हातारी धुळीत बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "बसवंत न्हाई जेवत, न्हाई झोपत. रोज दुपारी घरात कडी काढल्याचा आवाज येतोय. आधी त्यानं सगळ्या कड्या उपटल्या. तरी आवाज येतोय. मग सुताराला बोलवून दारं काढली, चौकटी काढल्या. आता घराला एक दार न्हाई, बाई. कुत्री आत येऊन बसतात. तरी रोज… दुपारची उन्हं कलली की… कडी निघती."

"आणि लेकरू?" बाईंनी विचारलं. "लेकरू भीत असेल."

गंगम्मानं वर बघितलं. तिचे डोळे भीतीनं पांढरे पडले होते.

"न्हाई भीत," ती म्हणाली. "तेच तर. आवाज झाला की खेळ टाकून उठतंय. भिंतीपाशी जातंय… आन् कुणीतरी उचलून घ्यावं, तसं दोन्ही हात वर करतंय."