स्पीकरमधलं कुंकू

"चोर! चोर कुठला!"

पहिली थप्पड बसली आणि आप्पांची टोपी पारावरून खाली उडाली. दुसऱ्या थपडेला आप्पा स्वतःच खाली आले.

ऋतुजा दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळत होती. दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा दिवस. धायरीच्या देवळासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि मधोमध तिचे आप्पा, गावातल्या शाळेचे शिपाई बजरंग, मातीत पडले होते. त्यांना मारत होता शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा, विश्वजीत. अध्यक्ष हिंदुराव शेजारी हाताची घडी घालून उभे होते.

"शाळेच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडं हाय," हिंदुराव म्हणाले. "कुलूप फुटलेलं न्हाय. मग बारा टॅब काय पंख फुटून गेले?"

"दादा, मी न्हाय घेतले. आईशप्पत न्हाय!"

विश्वजीतने त्यांच्या बरगडीत लाथ घातली. लोक नुसते बघत होते. ज्यांच्या पोरांना आप्पांनी पावसात छत्री धरून घरी पोचवलं होतं, तेही!

ऋतुजाने पिशवी टाकली. ती विश्वजीतवर धावून गेली आणि लाथेनंतर ठोसा द्यायला उचललेल्या त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो ओरडला, तिला झिडकारलं, ती दोन हात लांब जाऊन आपटली. पण मारणं थांबलं.

"उद्या सकाळी दहापर्यंत टॅब शाळेत दिसले पायजेत," हिंदुराव जाता जाता म्हणाले. "न्हाय तर पोलिसांत तुझं नाव देतो. नोकरी तर गेलीच समज."

घरी आईने, इंदुबाईने, आप्पांच्या डोळ्यावर ओला फडका ठेवला. डोळा सुजून पार मिटला होता. आप्पा भिंतीकडे तोंड करून निजले.

"तू उम्मेहानीकडं जा," आई हळूच म्हणाली. "ती बोलवत होती ना, तिचा नवा टॅब विकत घ्यायला? तुझ्यादेखत त्यांना रडताबी येत न्हाय."

शनिवार पेठेतली उम्मेहानी ऋतुजाच्या शहरातल्या शाळेत तिच्याच वर्गात, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. आठ महिन्यांपूर्वी तिचे अब्बू, इरफानचाचा, वारले तेव्हा ऋतुजा तिच्याजवळ एक शब्दही न बोलता बसून राहिली होती. आज उम्मेहानीने सगळं ऐकून घेतलं आणि तीही तशीच बसली. शेवटी तिचा धाकटा भाऊ शहेजादच म्हणाला, "मग? चावल्यावर चव कशी लागली?"

"खारट," ऋतुजा म्हणाली, आणि तिला चक्क हसू आलं.

"टॅब पुढच्या आठवड्यातही घेता येईल," उम्मेहानी म्हणाली.

"नाही, आजच जाऊ. नुसती बसून राहिले तर मी आणखी कुणाला तरी चावेन. दाखव तुझी यादी!"

उम्मेहानीने वही उघडली. पानाच्या वर ठळक लिहिलं होतं, 'मला काय करायचंय?' टॅबचं नाव कुठेच नव्हतं.

"मोठी दहा इंची स्क्रीन घे! गेम मस्त दिसतात!" शहेजाद म्हणाला.

"गेम यादीत नाही."

"यादी कुणी केली? हिटलरने?"

"मी केली. आधी अक्षरं." उम्मेहानीने पानावर बोट ठेवलं. इरफानचाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्सचे दिवस आले तरी लोक त्यांच्याकडून अक्षरं काढून घ्यायचे. "म्हणजे पेन हवं, आणि ते हलकं दाबलं की बारीक, जोरात दाबलं की जाड उमटणारं. नुसतं रबरी टोक नको. मग अभ्यासाचे व्हिडिओ. सिमचं मॉडेल नको, घरात वायफाय आहे. कॅमेरा कसाही चालेल. बॅटरी टिकली पाहिजे आणि दुरुस्ती पुण्यातच झाली पाहिजे."

"आणि पैसे?"

उम्मेहानीची आई हमीदा शिलाई मशीनवरून म्हणाली, "अठरा हजार, बेटा. पेन, कव्हर सगळं धरून. वर एक रुपया नाही." ते अठरा हजार अब्बूंची स्कूटर विकून आलेले होते. ते कुणी बोलून दाखवलं नाही. हमीदाने आपला फोन मुलीच्या हातात दिला, "हरवू नकोस" म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

लक्ष्मी रस्ता माणसांनी फुलला होता. पहिलं दुकान बाबुराव नावाच्या एका जाड चष्म्याच्या गृहस्थांचं होतं. उम्मेहानीने एकामागून एक अकरा प्रश्न विचारले.

"विकत घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?" बाबुराव म्हणाले.

"दोन्ही!" शहेजाद म्हणाला.

त्यांनी आधी बत्तीस हजारांचा टॅब काढला. उम्मेहानीने नुसती मान हलवली. "यातली निम्मी कामं माझी नाहीतच." मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि खालच्या खणातून दुसरं खोकं काढलं. अकरा इंची, पेन आतच, मेमरी कार्डाला जागा. साडेसतरा हजार! उम्मेहानीने पडद्यावर 'अ' काढला. खाली दाबत आणताना रेघ जाड होत गेली आणि वळण घेताना बारीक झाली. तिने तो पुसला नाही. नुसती बघत राहिली.

"कॅमेरा यथातथाच आहे हं, आधीच सांगतो," बाबुराव म्हणाले. "आणि कव्हरचे नऊशे वेगळे."

म्हणजे अठरा हजार चारशे! उम्मेहानीचा चेहरा उतरला. "आम्ही आणखी एक-दोन ठिकाणी बघून येतो, काका."

"बघा की. पण कुठे निम्म्या भावात मिळाला, तर खोक्याचं सील बघून भुलू नका. सेटिंगमध्ये जाऊन टॅबचा नंबर बघायचा आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळवायचा. नाही जुळला तर पाय लावून पळा."

मागच्या बोळातून कर्णकर्कश आवाज येत होता. "या! या! दिवाळी धमाका! नवा कोरा टॅब, फक्त आठ हजार!" 'न्यू झगमग मोबाईल'च्या दारावर भलामोठा स्पीकर टांगला होता आणि आत काउंटरमागे पोपटशेट नावाचा मालक हातात माईक घेऊन ओरडत होता. आता जेवायची वेळ झाली होती आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुलं शिरली तसा त्याने माईक बंद करून काउंटरच्या कडेला ठेवला.

"हा घ्या. सीलबंद!"

आठ हजारांत पेन नव्हतंच. उम्मेहानीला तिथेच कळलं की हा आपल्या कामाचा नाही. पण त्याने सील फोडून दिलेला टॅब ऋतुजाने हातात घेतला आणि ती दगडासारखी उभी राहिली.

टॅबच्या खालच्या कडेला स्पीकरची पाच बारीक भोकं होती. त्यांतली दोन लाल होती.

ऋतुजाने नखाने खरवडलं. कुंकू!

दसऱ्याला शाळेतल्या सगळ्या साधनांची पूजा झाली होती. फुटपट्ट्या, प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, ढोल, लेझीम आणि बारा टॅब. आप्पांनी प्रत्येक टॅबला भक्तिभावाने ओलं कुंकू लावलं होतं. इतकं ओलं, की ते ओघळून स्पीकरमध्ये गेलं आणि मुख्याध्यापिका आनंदीबाई चिडल्या, "अहो बजरंग, यंत्राला कुंकू लावा, आंघोळ घालू नका!" मग ऋतुजाच संध्याकाळभर टाचणी घेऊन ते काढत बसली होती. सगळं निघालं नव्हतं.

चोराने काच पुसली होती, पाठ पुसली होती. इथे कोण बघतंय?

तिने उम्मेहानीच्या पायावर पाय दिला आणि नजरेनेच भोकं दाखवली. उम्मेहानी क्षणभर थांबली. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा सेटिंग दाखवता? हा फोन घे ऋतुजा, अम्मीला विचार लाल कव्हर चालेल का!" फोन अम्मीचाच होता, पण ते पोपटशेटला कुठे ठाऊक!

सेटिंगमधला नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळे होते! ऋतुजा दाराजवळ सरकली. आनंदीबाईंचा नंबर तिला पाठ होता. उद्याच्या तक्रारीला जोडायला बाईंनी शाळेच्या साहित्याच्या नोंदवहीचे फोटो काढून ठेवले होते, हेही तिला ठाऊक होतं.

"बाई, ऋतुजा बोलतेय. यादीत बघा ना... शेवटचे आकडे सात-चार-शून्य-नऊ-दोन!"

पलीकडे बाई फोटो चाळू लागल्या. मग बाईंचा आवाज आला, "पाचव्या ओळीत आहे! कुठे आहेस तू?"

"मंडईच्या अलीकडे, न्यू झगम—"

मागून पोपटशेटने फोन हिसकावला. त्याच वेळी दुकानाचं मागचं दार उघडलं. फटाक्यांचं एक मोठं खोकं घेऊन एक जण आत आला. त्याच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.

विश्वजीत!

"बजरंगाची पोर!" तो किंचाळला. "शेट, शटर पाडा!"

धाडकन शटर खाली आलं. विश्वजीतच्या हातातलं खोकं पडलं आणि वरच्या फुलबाज्यांखालून टॅब बाहेर पडले. शहेजादने कोपऱ्यातला मोबाईलचा स्टँड उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. विश्वजीत एका पायावर नाचला, मग त्याने शहेजादची कॉलर धरून त्याला भिंतीवर ढकललं. पोरगं धपकन बसलं. उम्मेहानीने पोपटशेटचा हात नखांनी ओरबाडला, तर त्याने तिचा दंड पिरगाळून पाठीमागे धरला. ती ओरडली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऋतुजा काउंटरला पाठ टेकून उभी होती. तिच्या मागे, बोटांना, थंड काहीतरी लागलं. माईक!

तिने पाठीमागेच बटण सरकवलं आणि माईक उभा करून विश्वजीतच्या दिशेने वळवला. दारावरच्या स्पीकरने बाहेर बारीक खरखर केली. बोळातल्या फटाक्यांच्या आवाजात ती आत कुणाच्या ध्यानात आली नाही.

"टॅब तू चोरलेस!" ती जोरात म्हणाली. "आणि मार खाल्ला माझ्या आप्पांनी!"

थाडकन तिच्या तोंडात बसली. ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली.

"किल्ली तर आप्पांकडे होती! तुला कपाट उघडताच येणार नाही! थापा मारतोस!"

"मला येणार न्हाय?" विश्वजीतने तिचे केस धरून डोकं मागच्या शोकेसवर आदळलं. काच तडकली. "दुसरी किल्ली आमच्या घरात खुंटीला लटकतीय दोन वर्षं! आमच्या म्हाताऱ्याला आठवतबी न्हाय! काढली, उघडलं, बारा टॅब घेतले, परत कुलूप! आन् बोंब तुझ्या बापाच्या नावानं! काय करशील? कुणाला सांगशील?"

ऋतुजाने ओठावरचं रक्त पुसलं. "मी कशाला सांगू? तूच सांगितलंस की! सगळ्या बोळाला!"

तिने माईक पुढे धरला.

तिचेच शब्द बाहेर दणदणत घुमले. पोपटशेटचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने उम्मेहानीचा हात सोडला आणि तो मागच्या दाराकडे पळाला. पण शहेजाद बसल्या जागेवरून सरपटत तिथे आधीच पोचला होता आणि त्याने कडी घालून दाराला पाठ लावली होती. पोपटशेट त्याला लाथा घालू लागला. शहेजाद हलला नाही.

बाहेरून शटरवर मुठी आदळू लागल्या. दहा, वीस, पन्नास! आणि त्या गोंगाटातून बाबुरावांचा संथ आवाज आला, "सगळं स्पष्ट ऐकू येतंय हो, पोपटशेट. आवाजाची प्रत चांगली आहे तुमच्या स्पीकरची. आता शटर वर करा, आम्हालाही ऑफर बघू द्या."

शटर वर झालं ते लोकांनीच केलं. विश्वजीतने गर्दीत घुसून पळायला बघितलं, पण दोन हमालांनी त्याला उचलून पुन्हा दुकानात आणून बसवला. पोलीस आले. मागोमाग रिक्षातून आनंदीबाई आल्या. त्यांनी तिथेच फरशीवर बसून नोंदवहीचे नंबर जुळवले. बाराच्या बारा!

"पोरांनो," फौजदार भाग्यश्री म्हणाल्या, "शाबासकी नंतर. आधी दवाखाना. आणि पुढच्या वेळी आत शिरायच्या आधी आम्हाला फोन करायचा, कळलं?"

"पुढच्या वेळी नक्की!" शहेजाद बरगडी चोळत म्हणाला.

हमीदा दवाखान्यात धावत आली. तिने तिघांना एकदम कुशीत ओढलं आणि मग तिघांनाही एकेक धपाटा घातला. बाबुराव अकरा इंची टॅबचं खोकं काखेत मारून मागून आले होते. "साडेसतरा हजार. कव्हर माझ्याकडून," ते म्हणाले. "उपकार नाही, बक्षीस आहे. परीक्षेत मी पास झालो ना?"

"काठावर," उम्मेहानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आप्पा शाळेत गेलेच नाहीत. समितीने शाळेच्या हॉलमध्ये शाल-नारळ ठेवून बोलावलं होतं. आप्पांनी निरोप पाठवला. "मार पारावर खाल्ला. हॉलमधी न्हाय."

म्हणून मग हिंदुराव पारावर आले. कालची माणसं होती, आणखी दुप्पट होती. आनंदीबाई होत्या. शनिवार पेठेतून हमीदा आणि तिची दोन्ही मुलं आली होती. हिंदुरावांना वर बघवत नव्हतं.

"किल्ली माझ्या घरात हाय, हे माझ्या ध्यानातच न्हवतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी इचार केला न्हाय. पोरानं हात उचलला, तो मी बघत उभा राह्यलो. बजरंग, मी चुकलो."

ते वाकले. आप्पांनी त्यांना मध्येच दंडाला धरून उभं केलं. मग एक म्हातारा पुढे झाला, त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग एकेक जण तसं करत गेला.

"या तिघांसारखी डोकी आमच्याकडे असती," आनंदीबाई सगळ्यांना म्हणाल्या, "तर बजरंगांना कुणी हात लावला नसता. आम्ही मोठ्यांनी एक साधा प्रश्न विचारला नाही, की दुसरी किल्ली कुठे आहे! तो या मुलांनी मार खाऊन सोडवला."

टाळ्या वाजत होत्या. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते त्यांच्या एका उघड्या डोळ्याने लेकीचा ओठ बघत होते. तीन टाके, सगळी बाजू जांभळी.

"लई दुखतंय का गं?"

"बोलताना नाही," ऋतुजा म्हणाली. "हसलं की दुखतं."

"माझंबी तसंच हाय," आप्पा म्हणाले.

आणि दोघंही एकदम हसले. खूप दुखलं.